अमेरिकेत नर्स, व्यसन आणि लायसन्स: यात वकील कुठून आला?

अमेरिकेत व्यसनात सापडलेल्या नर्सला सही करायच्या आधी वकिलाला कागद दाखव असं सांगतात, ते का ते बघू. तिथे नर्सच्या नोंदणीचा पहिला कायदा 1903 मध्ये नॉर्थ कॅरोलिनाने केला, पुढे लायसन्स देणं-काढणं त्या त्या राज्याच्या बोर्डाकडे गेलं. वॉर्डातलं मॉर्फिन चोरून घेताना कोणी सापडली की सरळ गैरवर्तन धरायचे, लायसन्स सस्पेंड नाहीतर रद्द, उपचारांचं कोण बघतंय.

डॉक्टरांच्या बाबतीत 'हा आजार आहे' असं मेडिकल असोसिएशनने 1973 लाच म्हणायला सुरुवात केली होती, नर्सेसच्या संघटनेचा ठराव आला 1982 मध्ये (नर्सेसचा नंबर नेहमीसारखा नंतरच). 1983 मध्ये फ्लोरिडाने कायदा करून वेगळा प्रोग्राम काढला, मग कॅलिफोर्निया, टेक्सास वगैरे. कल्पना चांगलीच होती, स्वतःहून पुढे या, उपचार घ्या, देखरेखीखाली कामावर परत या, रेकॉर्डवर शिक्षा नको.

पण गोम करारात आहे. नावाला ऐच्छिक, आणि नाही म्हटलं तर शिस्तभंगाची कारवाई, म्हणजे ऐच्छिक कसलं? साधारण 3 ते 5 वर्षं कधीही लघवीची टेस्ट, तीही बहुतेक वेळा स्वतःच्या खर्चाने, नार्कोटिक्सच्या कपाटाला हात लावायचा नाही, आणि बऱ्याच राज्यांत व्यसनाची लेखी कबुली, जी नंतर पाय घसरला की आपल्याच विरोधात वापरली जाते. शिवाय प्रोग्राम चालू असेपर्यंत अनेक राज्यांत चालणारं कॉम्पॅक्ट लायसन्स मिळत नाही. फौजदारी खटल्यात गरिबाला सरकारच्या खर्चाने बचावाचा वकील मिळतो, बोर्डापुढे नाही, तिथे खिशातून द्या नाहीतर इन्शुरन्समध्ये लायसन्स डिफेन्सचं कव्हर असेल तर नशीब. सही करायच्या आधी वकिलाला कागद दाखव असं म्हणतात ते यासाठी.

टेस्टवरूनही वाद झालेत. दारू पिऊन बरेच तास उलटले तरी ती पकडणारी ईटीजी टेस्ट आली, पण हॅंड सॅनिटायझरमधल्या अल्कोहोलनेही ती पॉझिटिव्ह येऊ शकते, आणि नर्स दिवसभर दुसरं काय वापरते! शेवटी 2006 मध्ये व्यसन आणि मानसिक आरोग्याचं बघणाऱ्या केंद्राच्या साम्हसा या संस्थेला सांगावं लागलं की फक्त या टेस्टवर कोणावर कारवाई करू नका.

अपंगांच्या हक्कांचा 1990 चा कायदा तर होताच (व्यसनावर उपचार घेणाऱ्यांनाही तो लागू होतो), पण तो इथे खरा चालला 2022 मध्ये. ओपिऑइडच्या (मॉर्फिनच्या जातीच्या औषधांच्या) व्यसनावर डॉक्टरने लिहून दिलेलं ब्युप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोन घेणाऱ्या नर्सला इंडियाना राज्याच्या प्रोग्राममध्ये जागाच नव्हती, आधी औषध बंद करा म्हणायचे. हा भेदभाव आहे असं न्याय खात्याने बोर्डाला लेखी कळवलं.