फी भरली म्हणून ग्राहक आयोग? आधी पावती बघा

कॉलेजने फी परत द्यायला नकार दिला, मूळ दाखला अडकवून ठेवला किंवा माहितीपुस्तिकेत छापलेली प्रयोगशाळा प्रत्यक्षात नसलीच, की घरात पहिला सल्ला ठरलेला असतो: "पैसे मोजलेत ना आपण? मग खेचा कंझ्युमर कोर्टात." सल्ला देणारा मामा असो, शेजारचे काका असोत की मित्राचे वडील, सगळे कळकळीनेच बोलतात. पण पदवी कॉलेजच्या बाबतीत हा सल्ला बहुतेक वेळा चुकीच्या दारात नेऊन उभा करतो. तारखा पडत राहतात, महिने जातात आणि शेवटी "ही तक्रार आमच्या अधिकारक्षेत्रात येत नाही" एवढंच पदरात पडतं. तोवर मुलाने दुसरीकडे घेतलेला प्रवेशही धोक्यात आलेला असतो, कारण मूळ कागदपत्रं अजून पहिल्या कॉलेजच्या कपाटातच असतात.

यंत्रणा दोन आहेत आणि दोन्ही खऱ्या आहेत. एक जिल्हा ग्राहक आयोग, म्हणजे लोकांच्या तोंडचं कंझ्युमर कोर्ट, दुसरी कॉलेजची विद्यार्थी तक्रार निवारण समिती आणि तिच्यावर विद्यापीठाचे लोकपाल. पहिली सगळ्यांना ठाऊक असते, दुसरीचं नावही अनेकांनी ऐकलेलं नसतं. गोंधळाचं मूळ इथेच आहे.

ग्राहक आयोगाबद्दल फार लिहीत नाही. २०१९ चा कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत जायचं. मोजलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क शून्य. वकील सक्तीचा नाही आणि ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल करता येतं. १९१५ ही हेल्पलाइन म्हणजे आयोग नव्हे. तिथे फोन केल्यावर तुमच्या वतीने कंपनीशी बोलणी होतात, निकाल लागत नाही.

आता मुख्य मुद्दा. पैसे देणारा प्रत्येक जण कायद्याच्या दृष्टीने ग्राहक नसतो. मान्यताप्राप्त संस्थेत पदवीसाठी शिकणारा विद्यार्थी हे याचं सर्वांत मोठं उदाहरण.

सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये बिहारच्या शाळा परीक्षा मंडळाच्या प्रकरणात निकाल दिला. तिथे एकच बैठक क्रमांक दोन परीक्षार्थींना दिला गेला होता आणि एकाचा निकालच लागला नाही. चूक उघड होती. तरीही न्यायालयाने म्हटलं की परीक्षा घेणं ही ग्राहकाला दिलेली सेवा नव्हे, परीक्षा शुल्क हा त्या सेवेचा मोबदला नव्हे आणि परीक्षार्थी ग्राहक नव्हे. २०१० मध्ये महर्षी दयानंद विद्यापीठाच्या प्रकरणात आणि २०१२ मध्ये आणखी एका आदेशात हीच भूमिका पुढे गेली.

मग लोकांना उलटी उदाहरणं कुठून मिळतात? तीही खरी आहेत. २००९ मध्येच बुद्धिस्ट मिशन डेंटल कॉलेजच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या बाजूने कौल दिला. पण प्रकरण काय होतं ते वाचा. कॉलेजला ना विद्यापीठाची संलग्नता होती, ना डेंटल कौन्सिलची मान्यता, तरीही जाहिरात दंतवैद्यक पदवीची होती. विद्यार्थ्यांची वर्षं गेली आणि मिळणारी पदवी कुठे चालणार नव्हती. तिथला मुद्दा शिकवण्याच्या दर्जाचा नव्हताच, मुळात जे विकायचा हक्क नव्हता ते विकलं गेलं होतं. २०१५ मध्येही सर्वोच्च न्यायालयाच्या एका छोट्या आदेशात शैक्षणिक संस्था ग्राहक कायद्याखाली येतात असं म्हटलं गेलं. त्यामुळे कुठला आयोग एका रांगेतला निकाल धरे, कुठला दुसऱ्या.

ही ओढाताण मिटवण्यासाठी राष्ट्रीय ग्राहक आयोगाचं तीन सदस्यांचं मोठं पीठ बसलं आणि जानेवारी २०२० मध्ये विनायक मिशन विद्यापीठाशी संबंधित प्रकरणात त्याने रेघ ओढली. शिक्षण देणाऱ्या संस्था, व्यावसायिक अभ्यासक्रम चालवणाऱ्यासुद्धा, ग्राहक कायद्याच्या बाहेर. प्रवेशाआधीचा वाद असो की नंतरचा, बाहेरच. सहल, खेळ, पोहणं असे शिक्षणाला जोडून येणारे उपक्रमही बाहेर. अपवाद एकच, तो म्हणजे कोचिंग क्लास. क्लास पदवी देत नाही, त्याच्यावर कुठल्या विद्यापीठाचं नियंत्रण नाही, म्हणून तो सरळ सेवा विकणारा व्यावसायिक. या निकालावरचं अपील सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्येच दाखल करून घेतलं.

म्हणून एक आग्रहाची विनंती. "ग्राहक न्यायालयाचा कॉलेजला दणका" असं कात्रण कुणी पाठवलं तर पुढे ढकलण्याआधी दोन गोष्टी तपासा: निकाल २०२० च्या आधीचा आहे का, आणि हरलेली संस्था मान्यताप्राप्त कॉलेज होती की क्लास. अशी बहुतेक कात्रणं याच दोन प्रश्नांवर गळून पडतात. ती पुढे ढकलणाऱ्यांचा मला खरोखर राग येतो, कारण त्याची किंमत अडकलेला विद्यार्थी मोजतो.

आता तुमचं प्रकरण यात कुठे बसतं ते ओळखायला पावती पुरेशी असते. "इंटिग्रेटेड" पद्धतीने, म्हणजे कॉलेज आणि क्लास एकत्र, शिकणाऱ्या मुलाच्या घरी दोन पावत्या सापडतात. एक कॉलेजच्या नावाची, तीवर शिक्षण शुल्क, प्रयोगशाळा, ग्रंथालय, अनामत रक्कम असे रकाने आणि रक्कम त्यामानाने लहान. दुसरी गुळगुळीत कागदावरची, वर क्लासचा लोगो, खाली जीएसटी क्रमांक आणि १८ टक्के कर वेगळा दाखवलेला. मान्यताप्राप्त संस्थेने आपल्या विद्यार्थ्याला दिलेल्या शिक्षणावर जीएसटी नसतो, कोचिंगवर असतो. कर लागला म्हणजे निकाल लागला असं नाही, कायद्याची कसोटी ती नव्हे. पण वाट कुठली धरायची हे त्या एका रकान्यावरून बऱ्यापैकी कळतं. पैसे ज्याच्या नावाने गेले तोच समोरचा पक्ष. क्लासची पावती असेल तर ग्राहक आयोग, आणि तिथे कचरू नका. कोचिंगच्या फसव्या जाहिरातींविरुद्ध केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मार्गदर्शक तत्त्वंही काढली आहेत. पदवी कॉलेजची पावती असेल तर तक्रार निवारण समिती. दोन्ही पावत्यांची रक्कम एकत्र करून एकाच अर्जात एकाच संस्थेवर टाकणं ही हमखास होणारी चूक, आणि समोरचा वकील ती पहिल्याच तारखेला पकडतो.

अकरावी-बारावीचं कॉलेज या समितीच्या कक्षेत येत नाही. आपण त्यालाही कॉलेजच म्हणतो, पण ते शालेय शिक्षण विभागाकडे, म्हणजे शिक्षण उपसंचालकांकडे जातं. रॅगिंग आणि लैंगिक छळ यांच्यासाठी वेगळ्या समित्या आहेत. ती प्रकरणं फीच्या अर्जात मिसळू नका.

समितीबद्दल लोकांचा एकच आक्षेप असतो: "कॉलेजचीच समिती, ती कॉलेजविरुद्ध काय बोलणार?" आक्षेप समजण्यासारखा आहे. पण ही समिती कॉलेजने मेहेरबानी म्हणून नेमलेली नसते. विद्यापीठ अनुदान आयोगाचे विद्यार्थी तक्रार निवारण विनियम ११ एप्रिल २०२३ ला अधिसूचित झाले आणि ते खासगी, विनाअनुदानित संस्थांनाही लागू आहेत. अध्यक्ष प्राध्यापक, सोबत चार ज्येष्ठ अध्यापक आणि विशेष निमंत्रित म्हणून एक विद्यार्थी. त्यात किमान एक महिला आणि किमान एक सदस्य अनुसूचित जाती, जमाती किंवा इतर मागासवर्गातला हवा. तक्रार मिळाल्यापासून कामाच्या १५ दिवसांत समितीने अहवाल द्यायचा आणि त्याची प्रत विद्यार्थ्यालाही द्यायची. सुनावणीला स्वतः जाता येतं किंवा प्रतिनिधी पाठवता येतो.

समितीने कॉलेजची बाजू घेतली तरी विषय संपत नाही. उलट आधी समितीकडे गेल्याशिवाय पुढचं दार उघडत नाही, म्हणून समितीचा कागद हवा. निर्णय मिळाल्यापासून १५ दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालांकडे अपील करायचं. लोकपाल म्हणजे निवृत्त कुलगुरू, निवृत्त अनुभवी प्राध्यापक किंवा माजी जिल्हा न्यायाधीश. कॉलेज ज्या विद्यापीठाशी संलग्न आहे त्याचे लोकपाल तुमचे लोकपाल. खासगी विद्यापीठ असेल तर त्याचे स्वतःचे. त्यांनी ३० दिवसांत निकाल द्यायचा असतो. या मुदती ग्राहक आयोगातल्या तारखांशेजारी ठेवून बघा. ज्याला दोन आठवड्यांत दुसऱ्या कॉलेजात मूळ दाखला जमा करायचा आहे, त्याला नुकसानभरपाईपेक्षा आधी दाखला हवा असतो. म्हणूनच पदवी कॉलेजच्या बाबतीत मी नेहमी आधी समितीच सुचवते.

आणि समितीपुढे काय नेता येतं ते वाचलं तर वाटेल की यादी आपल्याच घरी बसून लिहिली आहे: जाहीर केल्यापेक्षा जास्त पैसे मागणं, माहितीपुस्तिकेत खोटी माहिती, शिष्यवृत्ती रखडवणं, निकालाला उशीर, मुदतीत प्रवेश रद्द करूनही फी न देणं, आणि फी उकळण्यासाठी मूळ कागदपत्रं अडकवणं. नुसतं फेरमूल्यांकन मात्र लोकपालांकडे मागता येत नाही. निकाल बदलेल अशी ठोस अनियमितता किंवा भेदभाव दाखवावा लागतो.

फी परताव्याचा हिशेबही आधीच ठरलेला आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या अधिसूचनेनुसार प्रवेशाच्या शेवटच्या तारखेच्या १५ दिवस किंवा त्याआधी प्रवेश रद्द केला तर पूर्ण फी, त्यातून फार तर ५ टक्के आणि तेही कमाल ५,००० रुपये कापता येतात. शेवटच्या १५ दिवसांत रद्द केला तर ९० टक्के, तारखेनंतर १५ दिवसांत ८० टक्के, त्यानंतर ३० व्या दिवसापर्यंत ५० टक्के, पुढे काही नाही. काही वर्षी याहून सवलतीचं परिपत्रक निघतं. २०२४-२५ साठी ३० सप्टेंबरपर्यंत पूर्ण परतावा होता आणि ३१ ऑक्टोबरपर्यंत कमाल १,००० रुपये कपात. तेव्हा त्या वर्षाचं परिपत्रक शोधा. "एकदा भरलेली फी परत मिळणार नाही" असा शिक्का पावतीवर असतो, त्याला घाबरून गप्प बसू नका. कॉलेजचा शिक्का आयोगाच्या अधिसूचनेच्या वर जात नाही.

अर्जाबद्दल माझा हट्ट असा की तो एका पानाचा असावा. मी पाहते ते अर्ज चार-चार पानांचे असतात. त्यांत कॅन्टीन, पार्किंग, प्राचार्यांचं बोलणं, फी सगळं एकत्र, शेवटी "मला न्याय मिळावा ही नम्र विनंती" आणि प्रती राज्यपालांपासून पंतप्रधानांपर्यंत. न्याय मिळावा ही मागणी नव्हे. "अमुक तारखेला प्रवेश रद्द केला, अमुक पावतीने इतके रुपये भरले होते, त्यातले इतके परत द्यावेत आणि मूळ गुणपत्रिका व दाखला परत द्यावा" ही मागणी. अर्ज प्राचार्यांच्या नावाने नको, "अध्यक्ष, विद्यार्थी तक्रार निवारण समिती" यांच्या नावाने हवा. प्राचार्यांना दिलेला अर्ज फायलीत पडून राहतो आणि "समितीकडे तक्रार आलीच नाही" असं कॉलेज बिनदिक्कत सांगतं. संस्थेच्या पोर्टलवर तक्रार टाका, तिचा क्रमांक जपा, आणि छापील प्रत आवक-जावक खिडकीवर देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घ्या. खिडकीवरच्या माणसाने "ठेवून जा, साहेबांना देतो" म्हटलं तर ठेवून जाऊ नका. पोच देत नसतील तर त्याच दिवशी स्पीड पोस्टाने पाठवा. मुदत उलटून गेली आणि समिती बसलीच नाही, तर लोकपालांपुढे दाखवायला तुमच्याकडे ही पोचच असणार आहे.

इंजिनिअरिंग, फार्मसी, व्यवस्थापन अशा विनाअनुदानित व्यावसायिक अभ्यासक्रमांत मंजूर फीपेक्षा जास्त वसुली होत असेल तर महाराष्ट्रात २०१५ च्या कायद्याने नेमलेलं शुल्क नियामक प्राधिकरण आहे. मंजूर फी किती हे आधी तिथून काढा आणि तो आकडा अर्जात लिहा. प्रवेशासाठी देणगी मागितली असेल तर १९८७ चा कॅपिटेशन फी प्रतिबंधक कायदा आहे, आणि तो गुन्हा आहे.

संस्थेला मान्यता किंवा संलग्नताच नसेल तर मात्र वरचं सगळं बाजूला ठेवा. अशा ठिकाणी समितीही नावापुरती असते आणि विद्यापीठ "हे आमचं कॉलेज नाही" म्हणून मोकळं होतं. तिथे डेंटल कॉलेजच्या निकालाचा आधार घेऊन ग्राहक आयोगात जाणं मला योग्य वाटतं, आणि फसवणुकीची तक्रार पोलिसांकडेही द्यावी.

"आधी समितीकडे गेलो तर ग्राहक आयोगाचं दार बंद होतं का?" असंही विचारलं जातं. नाही. ग्राहक कायदा इतर कायद्यांना पूरक आहे, त्यांच्या जागी आलेला नाही. फक्त त्याची दोन वर्षांची मुदत समितीसाठी थांबत नाही. ज्यांचं प्रकरण खरोखरच काठावरचं आहे, म्हणजे कॉलेजच्याच आवारात चालणारा पण पदवीशी संबंध नसलेला सशुल्क कोर्स वगैरे, त्यांनी कारण घडलं ती तारीख लिहून ठेवावी, समितीचा आणि लोकपालांचा निकाल घ्यावा आणि दोन वर्षांच्या आत तोच निकाल जोडून आयोगात जावं.