रेडिओ बिघडला म्हणण्याआधी चार्जर काढून पाहा

"एफएम झकास लागतं हो, पण मीडियम वेव्ह, शॉर्ट वेव्हवर नुसती घरघर. पीस खराब आहे, बदलून द्या." हे काउंटरवर इतक्यांदा ऐकलं की शेवटी हे पत्रक छापलं. छोट्या पोर्टेबल सेटच्या खोक्यात ते आता घालूनच देतो.

घोडबंदर रोडवरचे एक काका एकाच सेटसाठी तीनदा आले. दुकानात ठणठणीत, घरी नेला की घरघर. शेवटी एका संध्याकाळी आम्हीच त्यांच्याकडे गेलो. रेडिओ टीपॉयवर, त्याला मोबाइलचा चार्जर लावलेला, शेजारी सेटटॉप बॉक्स, डोक्यावर एलईडी पॅनेल. वायर उपटली, घरघर निम्मी झाली. पॅनेल बंद केलं आणि ७९२ वर पुणे केंद्र बोलू लागलं. काकू म्हणाल्या, "एवढंच होतं?" एवढंच होतं.

चार्जर आणि एलईडीचा ड्रायव्हर विजेचे सेकंदाला हजारो तुकडे करतात. त्याचा कचरा मीडियम आणि शॉर्ट वेव्हवर पसरतो. एफएम त्याहून खूप वर, ८८ ते १०८ मेगाहर्ट्झवर असल्यामुळे त्याला फारसा धक्का लागत नाही. म्हणून "एफएम चांगलं, म्हणजे बाकीचा सेट खराब" हा हिशेब चुकतो. चार्जिंग दुपारी करून ठेवा, ऐकताना वायर काढा. नुसती रेडिओतून नव्हे, चार्जरच बोर्डातून काढा. गुन्हेगार नक्की कोण हे शोधायचं असेल तर रेडिओ बॅटरीवर चालू ठेवून घरचा मेन स्विच पाच मिनिटं बंद करा. मग एकेक वस्तू चालू करत जा. जिच्याबरोबर घरघर आली, ती हीच.

सेट लगेच बदलून देत नाही याचा काहींना राग येतो. पण दुसरा दिला तरी त्याच टीपॉयवर तोही तसाच ओरडणार, आणि वापरलेला सेट आम्ही नवा म्हणून कुणाला विकत नाही.

आता वेळ. भर दुपारी मीडियम वेव्हवर लांबचं काही लागत नाही. वातावरणातला खालचा थर दिवसा या लहरी गिळतो. सूर्य मावळला की तो विरतो, वरच्या थरावरून लहरी परततात आणि शेकडो किलोमीटरवरची केंद्रं येऊ लागतात. एरियल ओढू नका, मीडियम वेव्हला तिचा उपयोग नाही. आत फेराइटचा दांडा असतो, तोच मीडियम वेव्हची एरियल, तेव्हा सगळा रेडिओच हळूहळू फिरवा. ट्यूनिंगची पायरी, म्हणजे एका वेळी आकडा जितका सरकतो ती, ९ किलोहर्ट्झची हवी. सेट रिसेट होऊन १० वर गेला, तर १०४४ चं मुंबई केंद्रसुद्धा नीट सापडणार नाही.

शॉर्ट वेव्हला मात्र एरियल पूर्ण काढा आणि खिडकीशी किंवा गच्चीवर बसा (किल्ली सेक्रेटरीकडून मागण्याचं काम तुमचं). रात्री ३१ मीटर, म्हणजे ९४०० ते ९९०० किलोहर्ट्झ, सावकाश चाळा. १०,००० वर बऱ्याचदा घड्याळासारखी टकटक येते. चीनचं बीपीएम हे वेळ सांगणारं केंद्र तिथे आहे. ती ऐकू आली तर सेट उत्तम आहे. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बऱ्याच केंद्रांची वेळापत्रकं बदलतात, तेव्हा "कालपर्यंत लागत होतं" ही तक्रार त्या आठवड्यात आणू नका.

मोबाइलवर जगातलं सगळं मिळतं, मग हा खटाटोप कशाला, असंही विचारतात. मोबाइलवर ते मिळणारच असतं. इथे आवाज येतो, बुडतो, पुन्हा वर येतो. भाषा कळत नाही, पण तासाच्या ठोक्याला केंद्राचं नाव येईल म्हणून कान लावून बसावं लागतं. नाव, वेळ, फ्रिक्वेन्सी वहीत लिहून केंद्राला कळवलंत तर काही ठिकाणांहून अजूनही क्यूएसएल कार्ड, म्हणजे तुम्ही ते केंद्र ऐकल्याची पोचपावती, येतं. आमच्या भिंतीवर लावलेली आहेत, आलात की बघा.

दहा मीटर वायरचं रीळ आणि एरियलला लावायची क्लिप आमच्याकडे मिळते. त्याने शॉर्ट वेव्हवर फरक पडतो. वळवाच्या विजा कडाडत असतील तेव्हा मात्र ती वायर बाहेर ठेवू नका.

एवढं करूनही घरघर राहिली तर सेट जरूर आणा. बॅटरी पूर्ण चार्ज करून, संध्याकाळी सातनंतर. दुपारी आणलात तर अंधार पडेपर्यंत थांबावं लागेल.