मायटोकॉन्ड्रियल आजार असलेल्या मुलांची व्हीईपी तपासणी : पालकांसाठी माहिती

चिठ्ठीवर 'व्हीईपी' (डोळ्याकडून मेंदूकडे जाणारा संदेश मोजणारी तपासणी) दिसलं की पालक आधी विचारतात, "यात आजार आहे की नाही ते कळेल का?" नाही कळणार. ते निदान डॉक्टर जनुकीय तपासणी, रक्तातलं लॅक्टेट, एमआरआय यांवरून करतात. डोळ्यातून निघालेला संदेश मेंदूच्या मागच्या भागात पोचतो का आणि किती वेळात, एवढंच आमची तपासणी सांगते.

डोळ्याचा पडदा आणि नस यांना ऊर्जा फार लागते आणि ती मायटोकॉन्ड्रिया (पेशींमधली ऊर्जा तयार करणारी केंद्रं) पुरवतात. बिघाड कुठे होईल, हे आजारावर ठरतं. लेबरच्या आजारात (एलएचओएन) डोळ्याची नस सुकते, ली सिंड्रोममध्येही ती सुकू शकते. कर्न्स-सेयरमध्ये पडदा खराब होतो. मेलासमध्ये पक्षाघातासारखा झटका येऊन मेंदूतला दृष्टीचा भागच दुखावू शकतो. लहान मूल 'अंधुक दिसतं' असं सांगत नाही, म्हणून मोजावं लागतं.

मुलाला आईच्या मांडीवर बसवतो. डोक्याला पेस्टने इलेक्ट्रोड (मेंदूतले संकेत टिपणाऱ्या छोट्या चकत्या) चिकटवतो. सुई नाही, शॉक नाही. समोरच्या स्क्रीनवर काळे-पांढरे चौकोन आलटून-पालटून बदलत राहतात. निरोगी मोठ्या मुलात त्यानंतर साधारण 100 मिलिसेकंदांनी आलेखावर एक लाट उमटते, तिला पी100 म्हणतात. तान्ह्या बाळात ती उशिराच येते, म्हणून आकडा वयाशी ताडून बघावा लागतो. स्क्रीनकडे बघतच नसेल तर प्रकाशाची चमक वापरतो, ती मिटल्या पापण्यांवरही चालते. पण हे ढोबळ माप आहे : उजेड पोचतो हे कळतं, किती स्पष्ट दिसतं ते नाही.

पडदा खराब असला तरी व्हीईपी बिघडते. त्यामुळे सोबत ईआरजी (पडद्याचं काम मोजणारी तपासणी) सांगितली असेल तर ती टाळू नका. तिच्यासाठी बाहुली मोठी करणारे थेंब घालून 20 मिनिटं अंधारात बसावं लागतं. थेंब व्हीईपी झाल्यावरच, त्यामुळे घरून घालून येऊ नका.

आदल्या दिवशी शाम्पूने केस धुवा. तेल अजिबात नको (आजीला आधीच सांगून ठेवा), काजळही नको. चष्मा असेल तर आणा, तो लावूनच तपासतो. पापणी खाली पडत असेल तर आम्ही ती हलकेच वर धरतो.

मुलाला उपाशी आणू नका. या मुलांना फार वेळ उपाशी राहणं धोक्याचं असतं. आम्ही गुंगीचं औषध देत नाही. दुसरीकडे ते देणार असतील तर किती वेळ उपाशी ठेवायचं, हे तुमच्या डॉक्टरांना विचारूनच ठरवा. झोप आणि खाणं झाल्यानंतरची वेळ मागून घ्या. पेंगुळलेल्या मुलाचा आलेख बिघडतो.

फिट येत असतील तर फोनवरच सांगा. चमकेमुळे काही मुलांना फिट येऊ शकते. फिटची गोळी चुकवू नका.

रिपोर्टसोबत आलेखाची प्रतही घ्या. प्रत्येक लॅबचे सामान्य आकडे थोडे वेगळे असतात, तेव्हा पुढची तपासणी दुसरीकडे केलीत तर नुसत्या आकड्यांवरून तुलना करता येत नाही.