पॅरिश शाळेचा अभ्यासक्रम (गोवा)

पॅरिश शाळा : चर्चला जोडून चालणारी, धर्मशिक्षण, अक्षरओळख व पाश्चात्त्य संगीताचे वाचन एकत्र शिकवणारी प्राथमिक शाळा. गोव्यात ती मुख्यतः तिसवाडी, बारदेश व सासष्टी या जुन्या काबिजादीच्या (पोर्तुगिजांनी आरंभी जिंकलेल्या) भागात रुजली. शिकवण्याचे काम ‘मेस्त’ म्हणजे चर्चच्या गायकवृंदाचा प्रमुख करीत असे. मिस्सा (मुख्य उपासना), नोव्हेना (नऊ दिवसांची प्रार्थना), अंत्यविधी आणि घरोघरच्या व खुरसापुढच्या (क्रुसापुढच्या) लादाईनी म्हणजे गायिल्या जाणाऱ्या प्रार्थना पार पाडायला वाचून गाणारी व वाजवणारी मुले लागत. अभ्यासक्रमाची आखणी या गरजेतून झाली आणि ती ध्यानात घेतल्याशिवाय त्यातला विषयक्रम उलगडत नाही.

आरंभ : १५४१ मध्ये मिगेल वाझ व दियोगु द बोर्बा या धर्मगुरूंच्या पुढाकाराने सांता फे बंधुसंघ स्थापन झाला. त्याची शाळा पुढे जेज्वित या कॅथलिक धर्मसंघाकडे गेली व सेंट पॉल कॉलेज म्हणून नावारूपाला आली. पॅरिश शाळांचा आरंभ मात्र वेगळा मानावा लागतो. त्यासाठी १५४५ च्या सुमाराचे साल साधारणतः दिले जाते. ते तिसवाडीपुरते मान्य होण्यासारखे आहे. बारदेश व सासष्टी पोर्तुगीज अमलाखाली आले १५४३ मध्ये. बारदेशात फ्रान्सिस्कन संघाच्या धर्मगुरूंचे संघटित काम १५५५ च्या सुमारास आणि सासष्टीत जेज्वितांचे १५६० पासून सुरू झाले. जिथे चर्चच उभे नव्हते तिथे चर्चची शाळा असणे संभवत नाही. त्यामुळे या दोन तालुक्यांतील शाळांचे जाळे सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धातले धरणे अधिक सयुक्तिक वाटते.

दोतोर्न : मुलाचा पहिला पाठ दोतोर्नीचा म्हणजे धर्मशिक्षणाचा. खुरसाची खूण, ‘आमच्या बापा’ व ‘नमान मारिये’ या प्रार्थना, ‘सत्मानितां’ हा श्रद्धेचा कबुलीपाठ, दहा आज्ञा व सात संस्कार हे प्रश्नोत्तरांच्या रूपाने तोंडपाठ करून घेत. थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेज्विताची कोकणी प्रश्नोत्तरी १६२२ मध्ये राशोल येथे छापली गेली. तिची मांडणी याच पद्धतीची आहे. त्याचेच मराठी ओवीबद्ध क्रिस्तपुराण (१६१६) रोमन लिपीत छापले होते व ते चर्चमध्ये वाचून दाखवले जाई. १६८४ च्या पोर्तुगीज सरकारी फर्मानाने तीन वर्षांत पोर्तुगीज शिकण्याची सक्ती केली आणि देशी भाषांचे स्थान आक्रसले. १९१० मध्ये पोप दहावे पायस यांनी पहिल्या कम्युनियनचे (मिस्सेतील पवित्र भाकरी प्रथम घेण्याचे) वय सातच्या आसपास आणले. त्यामुळे दोतोर्नीची तयारी आणखी लहान वयात करून घ्यावी लागली.

वेदीजवळ सेवा करणाऱ्या मुलांना मिस्सेतली लॅटिन उत्तरे अर्थ न सांगता, कानाने शिकवत. ‘आद देउम क्वी लेतिफिकात’ हे पहिले उत्तर लवकर बसे. ‘सुस्सिपियात’ हे उत्तर लांब असल्याने मुले मध्येच अडखळत.

सोल्फेज : दो, रे, मि अशी स्वरनावे घेत स्वरलिपी वाचण्याचा सराव. अभ्यासक्रमाचा कणा हाच. हातात वाद्य देण्याआधी मुलाला पाच रेषांवरची लिपी वाचता आली पाहिजे, असा दंडक होता. प्रथम स्वरांची नावे सूर न लावता, हाताने ताल देत, नुसती लयीत म्हणायची. स्वराची लांबी दाखवणाऱ्या खुणांपैकी चार मात्रांच्या तालात सेमीब्रेव्ह चार मात्रांचा, मिनिमा दोन, सेमिनिमा एक आणि कोल्शेय अर्ध्या मात्रेचा. चार मात्रांसाठी हात खाली, डावीकडे, उजवीकडे, वर. तीनसाठी खाली, उजवीकडे, वर. ६/८ मध्ये, म्हणजे सहा कोल्शेयांच्या तालात, मुलाची हमखास फसगत होते. तो सहा ठोके सुटे मोजतो आणि चाल तुटते. तीन-तीन कोल्शेयांचे दोनच ठोके धरायचे असतात. दुलपद हा गोव्याचा गीतप्रकार याच मापात असल्याने एकदा ते गाऊन घेतले की अडचण दूर होते. लय पक्की झाल्यावरच सूर लावायचा.

मराठी वाचकाने येथे एक खबरदारी घ्यावी. ‘दो’ म्हणजे ‘सा’ नव्हे. सा गायकाच्या पट्टीप्रमाणे सरकतो. गोव्यात रूढ असलेल्या पद्धतीत दो एकाच पट्टीला बांधलेला असतो. ही पद्धत सोळाव्या शतकापासून चालत आल्याचे काही लेखक मानतात; ते स्वीकारणे कठीण आहे. त्या काळच्या पोर्तुगाल-स्पेनमध्ये ग्विदो आरेत्सो या मध्ययुगीन इटालियन संगीतशिक्षकाच्या परंपरेतले उत, रे, मि, फा, सोल, ला हे सहाच स्वरनाम चालत व ते तीन वेगवेगळ्या ठिकाणांहून सुरू करता येत. अर्धस्वराचे अंतर नेहमी मि-फा मध्ये. ला ओलांडायचा झाला की वाटेतच नावे बदलावी लागत. सातवे नाव ‘सि’ व स्थिर दो ही पुढची घडण आहे. तिने नावे बदलण्याची कटकट मिटवली, पण दुसरा दोष आणला. तीव्र फालाही ‘फा’च म्हणायचे असल्याने मूल खूण पाहूनही शुद्ध फाच गाते.

व्हायोलिन : तारा सोल, रे, ला, मि अशा पंचमाच्या अंतराने लावतात. लाच्या तारेवर पहिले बोट सि, दुसरे दो, तिसरे रे. सि व दो मध्ये अर्धाच स्वर असल्याने दुसरे बोट पहिल्याला चिकटून पडले पाहिजे. नवशिक्या ते सवयीने लांब टाकतो आणि दो चढतो. सोलच्या तारेवर मात्र दुसरे बोट लांबच हवे, कारण तिथे ते सि असते. पावसाळ्यात दमट हवेने खुंट्या फुगून अडकतात, सरस सुटून सांधे उघडतात आणि आतड्याच्या तारा बेसूर होतात. म्हणून मेस्त दर वेळी तारा स्वतः लावून देत.

१९०३ मध्ये पोप दहाव्या पायसांनी चर्चमधील पियानो व ढोलवर्गीय वाद्यांना मनाई केली आणि गायकवृंदात स्त्रियांना जागा नाकारली.

पुढील शिक्षण : होतकरू मुलगा राशोल सेमिनरीकडे म्हणजे धर्मगुरू घडवणाऱ्या विद्यालयाकडे वळे. १५९९ च्या जेज्वित शिक्षणसंहितेप्रमाणे लॅटिन व्याकरणाचे तीन वर्ग, मग साहित्य व वक्तृत्व, त्यानंतर तत्त्वज्ञान तीन वर्षे व धर्मशास्त्र चार वर्षे असा क्रम होता. १७५९ मध्ये जेज्वितांची हकालपट्टी झाल्यावर सेमिनरी इतरांच्या हाती गेली. बहुतेक मुले मात्र पॅरिश शाळेच्या पलीकडे जात नसत आणि वाचता येणारे संगीत हीच त्यांची पुंजी असे. विसाव्या शतकात मुंबईच्या हिंदी चित्रपटसंगीताला स्वरलिपी लिहिणारे व पाहून वाजवणारे वादक याच घडणीतून मिळाले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस (१९२७–२०१२) हे त्यांतले ठळक नाव. त्यांचे वडील चर्चचे गायकवृंदप्रमुख होते.

ऱ्हास : सरकारी प्राथमिक शाळा व पुढे इंग्रजी शाळा वाढल्या तसे अक्षरओळखीचे काम पॅरिश शाळेकडून सुटले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२–६५) उपासना कोकणीत होऊ लागली आणि लॅटिन मोतेतांची (अनेक आवाजांतल्या धार्मिक गीतांची) गरज ओसरली. संगीताचे पद्धतशीर शिक्षण १९५२ मध्ये स्थापन झालेल्या आकादेमिया द म्युझिका या संगीतसंस्थेकडे व नंतर पणजीच्या कला अकादमीकडे गेले.