काट्यावर न दिसणारा उशीर

नागपुरात अडीच वर्षांचं लेकरू बोलत नसलं, की घरातून एक ठरलेलं उत्तर येतं: ‘अजी, याचा बाप बी उशिराच बोलला होता.’ मेडिकलची (सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाची) बालरोग ओपीडी असो की डागा रुग्णालयातली लसीची रांग, हे वाक्य कानावर पडतंच. ते दर वेळी खोटं असतं असं नाही. उशिरा बोलणं घराण्यात चालत आलेलं असू शकतं. अडचण एवढीच, की या एका वाक्याआड बाकीची कारणं झाकून जातात. कानाला कमी ऐकू येणं, जन्मताच न रडणं, रक्त कमी असणं, दिवसभर कुणी दोन शब्द न बोलणं, ही त्यातली काही.

‘उशीर’ म्हणायचं तर आधी वेळापत्रक हवं. ते बनवायला सुरुवात केली अमेरिकेत येल विद्यापीठातल्या आर्नल्ड गेसेल यांनी. १९११ मध्ये त्यांनी मुलांसाठी क्लिनिक काढलं आणि पुढे मान धरणं, बसणं, चालणं, बोलणं यांचे महिन्यावार टप्पे मांडले. गेसेल यांचा भर मुलाच्या आतल्या घड्याळावर होता. वेळ झाली की मूल ते करणारच, असा त्यांचा सूर. आपल्या आजीचं ‘बोलेल हळूहळू’ आणि येलचं शास्त्र तेव्हा फार लांब नव्हतं म्हणायचं! १९६७ मध्ये मुलाचा विकास मागे पडतोय का हे तपासणारी अमेरिकेतल्या डेन्व्हरची चाचणी आली आणि जगभर पसरली. पण मोजपट्टी होती डेन्व्हर शहरातल्या मुलांवर बेतलेली. आपल्याकडे बडोद्यात प्रमिला फाटक यांनी भारतीय बाळांसाठी मापं तयार केली. ती १९७० मध्ये आली, पुढे १९९७ मध्ये सुधारली गेली. त्याच बडोद्याच्या मापांतून १७ गोष्टी निवडून १९९१ मध्ये त्रिवेंद्रमचा तक्ता बनला. अंगणवाडी सेविकेच्या हातात देता येईल इतका तो सोपा होता. २००६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जाहीर केलेल्या मापांनुसार निरोगी मुलं आधाराशिवाय चालायला लागतात ती साधारण ८.२ ते १७.६ महिन्यांच्या दरम्यान. एवढी रुंद खिडकी असल्यावर कोण मागे पडलं आणि कोण नुसतंच सावकाश आहे, हे नुसत्या नजरेने ठरवणं कठीणच.

नागपूरपासून जेमतेम ७५ किलोमीटरवर, सेवाग्रामला, लहान मुलाच्या विकासाचा हा विचार वेगळ्या वाटेने आला होता. १९४५ च्या जानेवारीत तिथे भरलेल्या परिषदेत गांधीजींनी नई तालीमची, म्हणजे त्यांच्या शिक्षणपद्धतीची, व्याप्ती वाढवली. शिक्षण आईच्या पोटापासून सुरू होतं, हे त्यांनी तिथे मांडलं. त्याच वर्षी बोर्डीला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बालशिक्षणाचं काम गावात नेलं. मुलं शाळेत येत नाहीत, तर शाळाच त्यांच्या अंगणात न्यायची. अंगणवाडी हा शब्द त्यातूनच आला.

सरकारने तो शब्द उचलला. २ ऑक्टोबर १९७५ ला देशातल्या ३३ ठिकाणी एकात्मिक बालविकास सेवा योजना प्रयोग म्हणून सुरू झाली. त्यात महाराष्ट्रातली धारावी होती आणि मेळघाटातलं धारणी. योजनेच्या सहा सेवांत पूर्वप्राथमिक शिक्षण होतं, पण प्रत्यक्षात राज्य केलं वजनकाट्याने. त्यात कुणाचा दोष काढण्यात अर्थ नाही. मेळघाटात मुलं मरत असताना शब्द कोण मोजणार? तरी त्यातून एक सवय लागून गेली. मूल वजनावरून ठरणाऱ्या ठीक ‘ग्रेड’मध्ये बसलं की सगळं ठीक. मग ते मूल खेळतं का, नावाने हाक मारली तर वळतं का, हे विचारायचं राहून गेलं.

या सवयीला सगळ्यात मोठा धक्का दिला तो जमैकाने, आणि या अभ्यासापाशी थोडं थांबायला हवं. १९८६-८७ मध्ये किंग्स्टन शहरातल्या गरीब वस्त्यांमधून वाढ खुंटलेली १२९ बाळं निवडली गेली, वय ९ ते २४ महिने. काहींना दोन वर्षं दुधाचा पूरक आहार मिळाला. काहींच्या घरी आरोग्यसेविका आठवड्याला एक तास जाई आणि टाकाऊ वस्तूंची खेळणी घेऊन बाळाशी कसं खेळायचं, कसं बोलायचं ते आईला करून दाखवी. काहींना दोन्ही मिळालं, काहींना यातलं काहीच नाही. सुरुवातीला आहार आणि खेळ या दोन्हींचा फायदा दिसला. पुढे नुसत्या आहाराचा फायदा विरत गेला. ज्यांच्या घरी खेळ पोचला होता, ती मुलं वीस वर्षांनी बाकीच्यांपेक्षा सुमारे २५ टक्के जास्त कमावत होती. म्हणजे अन्न नको असं नव्हे. पण वजन भरून आलं की मेंदूही भरून येतो, हा समज इथे उघडा पडला. २००७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने विकसनशील देशांतली २० कोटींहून जास्त पाच वर्षांखालची मुलं आपली पूर्ण क्षमता गाठत नाहीत असा हिशेब मांडला, आणि ठळक कारणं सांगितली ती खुंटलेली वाढ, आयोडीन आणि लोहाची कमतरता, आणि खेळ-बोलण्याचा अभाव. आयोडीनचा प्रश्न मिठाने बराच सोडवला. लोहाचा तसा सुटला नाही. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली ६ ते ५९ महिन्यांची ६८.९ टक्के मुलं रक्तक्षयी निघाली.

कारणांची साखळी बाळंतपणाच्याही मागे जाते. कमी दिवसांचं, कमी वजनाचं बाळ, जन्मल्यावर उशिरा रडलेलं बाळ, जन्मानंतरची तीव्र कावीळ, थायरॉइडची उपजत कमतरता यांचे परिणाम बालवाडीच्या वयात दिसू शकतात. विदर्भात यात खर्ऱ्याचंही, म्हणजे सुपारी-तंबाखू घोटून केलेल्या मिश्रणाचंही, नाव घ्यावं लागेल. २००४ मध्ये छापून आलेल्या मुंबईतल्या अभ्यासात गरोदरपणी न जाळता वापरायची तंबाखू खाणाऱ्या बायकांच्या बाळांचं वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरलं, आणि दिवस पूर्ण होण्याआधीच बाळंत होण्याचं प्रमाणही वाढलेलं दिसलं. गुटखा २०१२ मध्ये बंद झाला. खर्रा मात्र घोटला जातोच आहे, आणि तो पुरुषच खातात असं समजायचं कारण नाही.

दुसरी वैदर्भीय गोष्ट सिकलसेलची, म्हणजे रक्ताच्या एका आनुवंशिक आजाराची. मध्य भारतातल्या या आजाराची नोंद नागपूरच्या डॉक्टरांनी १९५८ मध्येच ‘लॅन्सेट’मध्ये केली होती. चर्चा होते ती दुखण्याची आणि रक्त चढवण्याची. पण या आजारात मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या गपचूप तुंबू शकतात. मूल वरून बरं दिसतं आणि शिकण्यात मागे राहतं. मेंदूच्या संसर्गाचंही नागपूरशी जुनं नातं आहे. १९६५ मध्ये इथल्या तापाच्या रुग्णांत एक नवा विषाणू सापडला आणि त्याला इथल्याच गावावरून चांदीपुरा हे नाव पडलं. मेंदूज्वर कुठलाही असो, त्यातून वाचलेलं लेकरू घरी आलं की सगळे सुटकेचा श्वास टाकतात. पुढचे महिने त्याच्या बोलण्या-चालण्याकडे लक्ष ठेवायचं असतं, हे आईवडिलांना सांगायचं बहुतेक राहून जातं.

एक गैरसमज मात्र इथेच मोडायला हवा. घरात मराठी, गल्लीत हिंदी, नर्सरीत इंग्रजी, म्हणून पोरगं गोंधळलं आणि बोलेना, असं नागपुरात सर्रास सांगतात. दोन भाषा ऐकल्याने विकास लांबत नाही. तपासायचे असतात ते कान.

विकासातला उशीर सरकारी कागदावर ठळक आला तो फेब्रुवारी २०१३ मध्ये. पालघरला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. जन्मजात व्यंग, आजार आणि कमतरता यांच्या जोडीला चौथा रकाना आला विकासातल्या उशिराचा. पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं आणि शंका असलेलं मूल जिल्ह्याच्या त्वरित हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतं. रचना चांगली आहे. पण नेमक्या त्या दिवशी मूल झोपलेलं असलं किंवा आईबापाबरोबर वीटभट्टीवर गेलेलं असलं, की सहा महिने गेले. आणि तीन वर्षांच्या वयात सहा महिने म्हणजे आयुष्याचा सहावा भाग. २०१८ मध्ये देशातल्या पाच भागांतल्या २ ते ९ वर्षांच्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. साधारण आठातल्या एका मुलाला मेंदूच्या विकासाशी निगडित किमान एक अडचण होती. घरी बाळंतपण, उशिरा रडणं, कमी दिवस, कमी वजन, मेंदूचा संसर्ग, खुंटलेली वाढ या गोष्टी अशा मुलांच्या बाबतीत जास्त आढळल्या. एकेकटी घेतली तर यातली कुठलीच गोष्ट हमखास उशीर करत नाही. दोन-तीन एका घरात जमल्या की धोका वाढत जातो, आणि गरिबीत त्या बहुधा एकत्रच जमतात.

मग मार्च २०२० मध्ये अंगणवाड्या बंद झाल्या आणि लेकरांच्या हातात मोबाइल आला. दोन वर्षांखाली स्क्रीन नको, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्येच सांगितलं होतं. मोबाइल बोलतो खूप, पण लेकराचं ऐकून उत्तर देत नाही.

आता पुन्हा सेवाग्रामकडे वळावं लागतं. तिथल्या वैद्यकीय संस्थेने युनिसेफ आणि बालविकास योजनेबरोबर उभा केलेला ‘आरंभ’ हा उपक्रम सेविकेला घरी जाऊन पालकांना बाळाशी खेळायला शिकवायला सांगतो. २०२४ मध्ये केंद्राने तीन वर्षांखालच्या मुलांसाठी ‘नवचेतना’ आराखडा आणला, त्याचीही दिशा तीच. माता-बाल संरक्षण कार्डावर तर टप्प्यांची चित्रं कधीचीच छापलेली आहेत. मी पाहिलेल्या कार्डांत वजनाच्या पानावर निळ्या पेनाचे ठिपके दाट असतात. चित्रांचं पान बहुधा कोरंच असतं.