कार्लाइलचा १९११चा हंगाम आणि १९१२चा हंगाम: कृपया एकात एक मिसळू नका
जिम थॉर्पची ऑलिम्पिकची गोष्ट बहुतेकांना पाठ असते: १९१२, स्टॉकहोम, पेंटॅथलॉन-डेकॅथलॉनची दोन सुवर्णपदकं, आणि पुढच्याच वर्षी ती काढून घेतली जाणं. ती इथे उगाळत नाही. घोळ होतो तो त्याच्या अमेरिकन फुटबॉलबद्दल, म्हणजे कार्लाइल या शाळेच्या संघाकडून तो खेळला त्या सामन्यांबद्दल. 'ऑलिम्पिक गाजवून परतला आणि त्याच हंगामात हार्वर्डला नि आर्मीला लोळवलं' हे वाचून वाचून आता चीड येते. हार्वर्डचा सामना ऑलिम्पिकच्या आधीचा, ११ नोव्हेंबर १९११चा. आर्मीचा, म्हणजे वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीच्या संघाशी झालेला, नंतरचा, ९ नोव्हेंबर १९१२चा.

साम्यं आहेत, नाही असं नाही. प्रशिक्षक तोच, पॉप वॉर्नर. मोठ्या विजयानंतर पुढच्याच शनिवारी हारही दोन्ही वर्षी: आधी सिरॅक्यूज विद्यापीठाकडून १२-११, मग पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाकडून ३४-२६.

पण मधल्या काळात खेळच बदलला होता, आणि नेमकं तेच कुणी सांगत नाही. १९११मध्ये चेंडू दहा यार्ड पुढे न्यायला तीनच प्रयत्न मिळायचे. दोन वाया गेले की तिसऱ्याला बहुतेक संघ लाथ मारून चेंडू लांब धाडून मोकळे व्हायचे. टचडाउनचे (चेंडू समोरच्या संघाच्या गोलरेषेपलीकडे नेण्याचे) गुण ५ आणि फील्ड गोलचे (लाथेने चेंडू गोलखांबांमधून धाडण्याचे) ३, म्हणजे चांगला पाय असलेल्या खेळाडूला सोन्याचा भाव. हार्वर्डला १८-१५ हरवलं त्यातले १२ गुण थॉर्पच्या चार फील्ड गोलचे, तेही दुखऱ्या पायाला पट्ट्या बांधून मारलेल्या.

१९१२पासून प्रयत्न चार झाले, टचडाउन ६ गुणांचा झाला, मैदान ११० यार्डांवरून १०० यार्डांवर आलं. चेंडू हातात ठेवून पळणं एकदम परवडू लागलं. आर्मीला २७-६ हरवलं ते याच नियमांवर: चार टचडाउन आणि टचडाउननंतर मिळणाऱ्या एकेका गुणाच्या किकपैकी तीन यशस्वी. त्या चारांपैकी तीन टचडाउन कार्लाइलच्याच अॅलेक्स आर्कासाचे, थॉर्पचा एकही नाही! पळाला तो जबरदस्त, पण 'एकट्याने आर्मी हरवली' म्हणणं आर्कासावर अन्याय आहे. म्हणूनच दोन्ही हंगामांचे गुण शेजारी मांडून 'थॉर्प कधी भारी होता' असा हिशेब करणं मला अजिबात पटत नाही. संघ म्हणून मात्र मी १९१२चाच निवडेन.

आर्मीकडून त्या दिवशी ड्वाइट आयझेनहॉवर (पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला तोच) खेळला, हे खरं. थॉर्पने त्याचा गुडघा मोडला, हे खोटं. त्याचा गुडघा गेला तो पुढच्या सामन्यात, टफ्ट्स कॉलेजविरुद्ध.

आणि कार्लाइलला कॉलेज म्हणणंही थांबवा. हार्वर्डशी खेळत असले तरी ती पेनसिल्व्हेनियातली सरकारी निवासी शाळा होती. मूलनिवासी मुलांना घरापासून तोडून, केस कापून, स्वतःची भाषा बोलायला बंदी घालून 'सुधारण्या'साठी १८७९मध्ये ती काढली आणि १९१८मध्ये बंद केली. या पोरांनी हार्वर्ड आणि आर्मीला हरवलं ते तिथे राहून.