पेढ्याचं बटण दाबलं, सरकला कुंदा

बेळगावातल्या एखाद्या मिठाईच्या दुकानाचं वेब पान घ्या. कुंदा, गोकाकचा करदंट आणि धारवाडी पेढा अशी तीन कार्डं, प्रत्येकात फोटोंचा स्लायडर आणि पाव, अर्धा, एक किलोची रेडिओ बटणं. पेढ्यावरचा बाण दाबला की फोटो सरकतो कुंद्याचा. करदंट अर्धा किलो निवडला की कुंद्याची निवड पुसली जाते. दोन्ही बिघाडांची मुळं वेगळी आहेत.

पहिला बिघाड कॉपी-पेस्टचा. कुंद्याचं कार्ड तसंच उचलून खाली दोनदा चिकटवलं, त्यासोबत आयडी, म्हणजे घटकाची एकमेव ओळख सांगणारं नावही तिप्पट झालं. आयडी पानात एकदाच यावा असा नियम आहे, पण तो मोडला तरी ब्राउझर चकार शब्द काढत नाही. आयडीवरून शोधलं की वरून पहिला सापडेल तो घटक हातात ठेवतो. नुसता आयडी काढून क्लास (अनेक घटकांना चालणारं सामाईक नाव) लावला तरी भागत नाही, कारण पानात घटक शोधणारी जावास्क्रिप्टची 'डॉक्युमेंट.क्वेरीसिलेक्टर' ही आज्ञाही पहिल्यावरच थांबते. जुळणारे सगळे घटक देणाऱ्या 'क्वेरीसिलेक्टरऑल'ने तिन्ही कार्डं गोळा करावीत, प्रत्येकासाठी तेच फंक्शन एकेकदा चालवावं आणि आतला शोध पूर्ण पानात न घेता त्या कार्डापासूनच घ्यावा.

एवढं करूनही एक चूक हमखास राहते. 'सध्या कितवा फोटो' हा आकडा फंक्शनच्या बाहेर ठेवला तर तो तिघांत सामाईक होतो. कुंद्याचे फोटो पाच, पेढ्याचे तीन. कुंदा पाचव्यावर नेऊन पेढ्याचा बाण दाबला की पेढा नसलेला सहावा फोटो शोधतो आणि चौकट कोरी दिसते. आपोआप फोटो बदलणाऱ्या टायमरचंही तेच. तिन्ही टायमरचे ओळखक्रमांक एकाच व्हेरिएबलमध्ये गेले तर थांबवताना शेवटचा तेवढा थांबतो, उरलेले दोन चालूच. आकडा आणि टायमर दोन्ही फंक्शनच्या आत हवेत.

दुसऱ्या, रेडिओ बटणांच्या बिघाडाचं मूळ बटणाला दिलेल्या 'नेम' या नावात. एकाच फॉर्ममध्ये एकच नाव म्हणजे एकच गट, आणि गटात निवड एकच. म्हणून 'वजन-कुंदा', 'वजन-पेढा' अशी नावं द्यावीत. लेबल बाहेर असेल तर ते बटणाला आयडीने जोडावं लागतं; लेबलच्या आतच बटण ठेवलं तर ती भानगडच उरत नाही.

सगळंच तोडायचं नसतं, हेही लक्षात हवं. आपल्या भागात मराठी-कन्नड निवड लागतेच, आणि ती साऱ्या पानाला एकच असावी. पानाने 'भाषा बदलली' असा इव्हेंट (घडल्याची सूचना) सोडावा, प्रत्येक कार्डाने तो ऐकून स्वतःचा मजकूर बदलावा. सोबत मजकुराची भाषा सांगणाऱ्या 'लँग'ची किंमतही बदलावी, नाहीतर स्क्रीन रीडर कन्नड मजकूर मराठी समजून वाचायला जाईल.

शॅडो डॉममध्ये, म्हणजे घटकाचा आतला भाग बाकी पानापासून वेगळा ठेवणाऱ्या ब्राउझरच्या सोयीत, प्रत्येक घटकाचे आयडी आणि स्टाइल आपोआप वेगळे राहतात. दुसऱ्याच्या साइटवर बसवायचा घटक असेल तर तो जरूर वापरावा. स्वतःच लिहिलेल्या तीन कार्डांना मात्र तो जड होतो. वापरलाच तर देवनागरी आणि कन्नड फॉन्टची फाइल पानाच्या मुख्य स्टाइलशीटमध्येच जाहीर करावी. फॉन्टचं नाव तिथून आत झिरपतं. जाहीर करणारा नियमच आत ठेवला तर फॉन्ट लागत नाही.